न मोजलेला

ओट्यावरून वाटी निसटली. फरशीवर आपटून ती कडेवर गरगरत राहिली आणि आवाज बारीक बारीक करत एकदाची आडवी झाली. सकाळपासून त्या घरात झालेला तेवढाच आवाज.

"पाहुणा येणार!" रुंजी ओरडली. भांडं पडलं की पाहुणा येतो, हे तिला आजीने शिकवलं होतं. घर गप्प का आहे, हे मात्र सहा वर्षांच्या त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

"येऊ दे बाई," आत्ती वाटी उचलत म्हणाल्या. "कुणीतरी येऊन बोलू दे ह्या घरात."

निशिगंधा कणीक मळत होती. तिने सासूकडे पाहिलं नाही. एकच बूट घालून दारात बसून राहिलेल्या नवऱ्याकडेही पाहिलं नाही. मान वर केली की बेसिनखालचा पिवळा दिवा दिसायचा, आणि तो तिला बघायचा नव्हता.

त्या काळात तासगावातच काय, देशातल्या बहुतेक घरांत बेसिनच्या नळीला मुठीएवढी डबी बसवलेली असायची. लोक तिला 'चाळण' म्हणत. सकाळी दात घासून चूळ भरली की चाळण त्या पाण्यातून पेशींचे भरकटलेले तुकडे वेचायची आणि वाचायची. हिरवा दिवा लागला तर आपल्या कामाला लागायचं. पिवळा लागला तर तपासून घ्यायचं. कॅन्सर शोधणं असं चूळ भरण्याइतकं सोपं झालं होतं. बरा करणं तेवढं सोपं झालं नव्हतं. आणि शोधणं सोपं झाल्यामुळे एक नवीनच दुखणं जन्माला आलं होतं. काही दुखत नाही, भूक लागते, पोळ्या लाटता येतात, आणि तरी आपण आजारी आहोत हे माहीत असतं.

निशिगंधाच्या पिवळ्या दिव्याला सांगलीतल्या तपासण्यांनी नाव दिलं होतं. स्वादुपिंड. जठरामागे दडून बसलेला वीतभर अवयव. दहावीनंतर तिने तो शब्द उच्चारलाही नव्हता. ती एकतीस वर्षांची होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ती आणि संग्राम मिळून द्राक्षाच्या कलमांची रोपवाटिका चालवत, आणि हंगाम तोंडावर आला होता.

"मिरजेचे डॉक्टर काय म्हणतील?" संग्रामने दारातूनच विचारलं.

"आधी 'बसा' म्हणतील," निशिगंधा म्हणाली. "दुसरा बूट घाल तेवढा."

रुंजी खो खो हसली. मग संग्रामही हसला, पण त्याचं हसणं मध्येच बसलं.

*

मिरजेच्या जागर केंद्रातल्या डॉ. नसीमा मुजावर पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी खरंच आधी "बसा" म्हटलं, आणि संग्राम व निशिगंधाने एकमेकांकडे पाहिलं.

"काय करता तुम्ही?"

"द्राक्षाची कलमं."

"अरे वा. मग माझं अर्धं काम झालं. ऐका हं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या आणि आईच्या मध्ये भिंत असते असं आपल्याला वाटतं. भिंत नसते, नुसता पडदा असतो. त्या पडद्याखालून बाळाच्या काही पेशी रांगत रांगत आईकडे येतात. पुढे बाळ जन्मतं, मोठं होतं, शाळेत जातं. ह्या पेशी परत जात नाहीत. आईच्या हाडांच्या मज्जेत, यकृतात, हृदयात, जागा मिळेल तिथे घर करून राहतात. म्हाताऱ्या बायकांमध्येसुद्धा त्यांच्या लेकरांच्या पेशी सापडतात. लाखात एखादी. पण असते."

निशिगंधाने नकळत पोटावर हात ठेवला. "म्हणजे रुंजी माझ्यात आहे? अजून?"

"थोडीशी. आम्ही तिला लेकपेशी म्हणतो."

निशिगंधा विचारात पडली. "आम्ही काडी खुंटावर बांधतो. खुंट रानटी, मुळं त्याची. काडी चांगल्या जातीची. जोड जमली की जोडाच्या गाठीत दोघांचं एकमेकांत मिसळतं. पुढे वरची काडी कापून टाकली तरी गाठीत तिचं थोडं राहतंच."

"बास. तुम्ही खुंट."

"रानटी," संग्राम हळूच म्हणाला. निशिगंधाने त्याच्या पायावर पाय दिला.

डॉक्टर पुढे सांगत होत्या. कॅन्सर म्हणजे बाहेरून आलेला चोर नव्हे. तो घरचाच असतो, अंगावर घरचेच कपडे असतात, म्हणून शरीराचे पहारेकरी त्याला हटकत नाहीत. लेकपेशी मात्र निम्मी आईची आणि निम्मी बापाची. "सून कशी," त्या म्हणाल्या, "राहते घरातच, पण घरातलं वाकडं तिला पहिल्या दिवशी दिसतं."

"ते मात्र खरं हाय," कोपऱ्यातून, सोबत आलेल्या आत्ती म्हणाल्या.

ह्या निजलेल्या लेकपेशी मज्जेतून काढायच्या, त्यांना कॅन्सरचा वास ओळखायला शिकवायचं आणि परत आत सोडायच्या, अशी ती उपचारपद्धती होती. झोपलेल्यांना उठवायचं म्हणून तिला 'जागर' म्हणत. पद्धत नवी होती. सगळ्यांना लागू पडत नव्हती. पण ज्यांना लागू पडली त्या बायका आपल्या पायांनी घरी गेल्या होत्या.

"दिवस किती वेळा गेले होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच," आत्ती म्हणाल्या. "ही एकच आमची."

निशिगंधाने आपल्या बोटांकडे पाहिलं. संग्रामने खिडकीकडे.

आत्ती खोटं बोलल्या नव्हत्या. त्या घराची रीतच तशी होती. ज्याचं बारसं झालं, ज्याला पाळण्यात घातलं, तेवढंच लेकरू मोजायचं. त्याआधी गेलेल्याला मोजलं तर ते मागे वळून बघतं आणि पाठच्याला बोलावून घेतं, असं आत्तींना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. त्यांनी स्वतःची दोन कधी मोजली नव्हती. रुंजीच्या आधी दोन वर्षं निशिगंधाचं एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा होता. ती दवाखान्यातून आली, आत्तींनी तिला न्हाऊ घातलं, गरम गरम जेवायला वाढलं, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. 'एकच' म्हणायची सवय तिच्या जिभेलाही लागून गेली होती. इथे, ह्या बाईंसमोर, ते उत्तर चालणार नाही, हे तिघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

*

पुढचं काम ओळख पटवण्याचं. निशिगंधाच्या मज्जेतून निघालेल्या पाहुण्या पेशी रुंजीच्या रक्ताशी ताडून बघायच्या. जुळतील त्या घ्यायच्या. न जुळणाऱ्या म्हणजे तपासणीतली भेसळ समजून बाजूला काढून गोठवायच्या.

रुंजीने बोट पुढे केलं, पण आधी अटी घातल्या. पट्टी जांभळी पाहिजे आणि टोचताना बाबाने डोळे मिटले पाहिजेत.

"माझं रक्त आईला देणार?"

"नाही गं," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या आत तू कुठली ते ओळखायचंय."

"मी तर ही आहे," रुंजी म्हणाली.

पहिला जागर झाला. जागर लागला की रोग्याला ताप भरतो, हीच त्याची खूण. आतली लढाई सुरू झाली असं समजायचं. निशिगंधाला साधी कणकणही आली नाही. आत्ती येता जाता तिच्या कपाळाला हात लावून बघत. सुनेला ताप यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ती तालुक्यातली पहिलीच सासू असेल. पण कपाळ गारच राहिलं. गाठ होती तशी होती. नव्हे, थोडी वाढलीच होती.

त्या दिवसांत निशिगंधाला मरणाची भीती वाटली का? वाटली. पण ती भीती अशी समोर येऊन उभी राहत नसे. रुंजीच्या फ्रॉकची खालची शिवण उसवताना ती यायची. पुढच्या वर्षी वाढीला लागेल म्हणून ठेवलेलं कापड बोटांना लागायचं आणि पुढचं वर्ष ह्या दोन शब्दांवर तिचा हात थांबायचा. संग्रामची भीती वेगळी. त्याने पोळ्या शिकायला घेतल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. पोळी नकाशासारखी व्हायची आणि रुंजी तो नकाशा ओळखायची. "आज श्रीलंका!" निशिगंधा हसायची, आणि तो का शिकतोय हे कळून तो नकाशा पटकन मोडून खायला घ्यायची.

*

डॉ. मुजावरांनी बोलावून घेतलं तेव्हा त्यांच्या टेबलावर काहीच नव्हतं.

"संग्राम, चहा आणता? मशीनचा नको. फाटकाबाहेरच्या टपरीवरचा."

तो गेल्यावर त्यांनी निशिगंधाचा हात धरला. "एक विचारते. उत्तर नाही दिलंत तरी चालेल. आपण भेसळ म्हणून बाजूला काढलेल्या पेशी मी पुन्हा पाहिल्या. त्या भेसळ नाहीत. तुमच्यात एक मुलगा आहे."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं लांब जाऊन विरलं.

"पाचवा महिना होता," ती म्हणाली. "संग्रामला माहीत आहे. त्याचाच आहे तो. चहाला पाठवायची गरज नव्हती."

"अय्या," डॉक्टर ओशाळल्या. "सवय हो. इथे कुणाचं काय निघेल सांगता येत नाही."

"आहे, म्हणजे कसा आहे?"

"थोडासा आहे. जेमतेम. पाच महिन्यांत जेवढा येऊ शकला तेवढा. पण जिवंत आहे."

निशिगंधाने ओढणीचं टोक तोंडात धरलं. आठ वर्षं. ती आत्तींचा चष्मा शोधत होती, रुंजीला पाढे म्हणायला लावत होती, काड्या बांधत होती, भांडत होती, लग्नांना जात होती, आणि तो सोबत होता. तिने एकदाही ओ दिली नव्हती. मोजलाच नव्हता तर ओ कुणाला देणार.

संग्राम तीन कप घेऊन आला आणि बायकोचा चेहरा बघून दारातच थांबला. डॉक्टरांनी त्यालाही सांगितलं. त्याने कप टेबलावर ठेवले. एकातला चहा थोडा सांडला तो त्याने हातानेच पुसला, शर्टाला पुसला, आणि मग बसला.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक पेशीच्या दारावर दोन पाट्या असतात. निशिगंधाच्या पेशींवर एक तिच्या आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मूल होताना ती त्याला दोन्हींपैकी एकच देते. दुसरी बाप देतो. रुंजीला तिने आपल्या आईची पाटी दिली. आता ह्या गाठीने काय केलंय, लपायला सोपं जावं म्हणून वडिलांची पाटी काढून फेकलीय. आईची तेवढी ठेवलीय. रुंजीच्या पेशी तिथे जातात, ओळखीची पाटी बघतात, 'हे तर आपलंच घर' म्हणतात आणि मुकाट्याने येऊन झोपतात. म्हणून ताप आला नाही."

"आणि तो?" निशिगंधाने विचारलं.

"त्याला तुम्ही वडिलांची पाटी दिली होती. तो तुमच्या चांगल्या पेशींजवळ गेला तर त्याला आपली पाटी दिसते, तो काही करत नाही. गाठीवर ती पाटी नाही. तिथे काहीतरी वाकडं आहे, हे त्याला कळेल. फक्त त्यालाच."

संग्राम सरसावून बसला. "मग करू की! कधी करायचं?"

डॉक्टर निशिगंधाकडेच बघत होत्या. "लेकपेशीला शत्रू सापडला की ती हाक देते. मज्जेत, कुठे कुठे निजलेल्या तिच्यासारख्या सगळ्या उठतात. अशा हाकेने उठलेली पुन्हा झोपत नाही. लढते आणि लढून संपते. रुंजीचं बरं असतं, ती बाहेर खेळतेय. त्याचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"थोडं राखून ठेवता येणार नाही?" निशिगंधाने विचारलं. "कलमाची काडी ठेवतो तसं? चार पेशी?"

"तो आहेच एवढासा. चार ठेवल्या तर चार कमी पडतील. आणि अर्धवट जागर झाला तर गाठ दुसरी पाटीही फेकून देईल. मग तिला ओळखायला कुणीच उरणार नाही."

*

दुपारी दोघं रोपवाटिकेत होते. बांधलेल्या कलमांच्या रांगा सावलीच्या जाळीखाली उभ्या होत्या, प्रत्येकाच्या गळ्याशी पांढरी पट्टी. निशिगंधा खुंटाची कोवळी फूट खुडत होती. खुंटाला स्वतःची फूट येऊ दिली तर तो काडीला पोसत नाही, म्हणून ती खुडावीच लागते. आज तिला ती खुडवेना.

"तो आहे हे आज कळलं," ती म्हणाली, "आणि तो संपणार हेही त्याच दमात कळलं. मधे दोन मिनिटं तरी नुसता असू द्यायचा होता."

संग्राम पाण्याची नळी धरून उभा होता.

"आईनं लेकराला जगवायचं असतं रे. हे उलटं झालं. मी त्याला पोटात ठेवू शकले नाही, आणि आता जो थोडा राहिला तोही मीच..."

"निशा, मी बघितलंय त्याला."

तिने मान वळवली.

"तू बेशुद्धीत होतीस. सिस्टरनं कापडात गुंडाळून दिला. मातीत मीच ठेवला ना. एवढा." त्याने तळहात दाखवला. "नाक होतं त्याला. वर उचललेलं, आपल्या रुंजीसारखं. मला सगळे म्हणाले बघू नको, बघितलं की मागं लागतं. मी बघितलं. आणि लागला मागं. नाही असं नाही." त्याने नळी दुसऱ्या रांगेवर वळवली. "रुंजी सायकल शिकली तेव्हा मला वाटलं, मागचं सीट धरायला मोठा कुणीतरी पाहिजे होता."

निशिगंधा उठली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. पाण्याने दोघांच्या चपला भिजत होत्या.

"मला कधी बोलला नाहीस."

"तू कुठं बोललीस?"

तिने त्याच्या हातातली नळी घेतली आणि पुढच्या रांगेवर धरली.

"तू त्याचं काही घेत नाहीयेस," संग्राम म्हणाला. "तो तुझ्याकडं राहायला आला तेव्हा तुझंच खाऊन राहिला. घरातला माणूस घरासाठी उठतो, तसं समज. मला ते पाट्याबिट्या कळत नाही. मला एवढंच कळतं, की मला आजन्म श्रीलंका लाटता येणार नाही."

ती हसली आणि हसता हसता रडली. रुंजी शाळेतून यायची वेळ झाली होती. ती येताना रोज वाटेतून ओरडत यायची, आई गं, आई गं, काही काम नसताना. ती हाक ऐकायला घरात कुणी नाही, असं एक संध्याकाळचं चित्र निशिगंधाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिने खुंटाची फूट खुडली.

"सांग त्यांना," ती म्हणाली. "करायचं."

*

आत्तींना सांगायचं काम निशिगंधाने स्वतः केलं. आत्ती भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून झाल्यावरही त्या निवडतच राहिल्या. निवडलेली मेथी आणि काड्या पुन्हा एकत्र झाल्या तरी त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी एकच म्हणाले," त्या शेवटी म्हणाल्या. "मी न्हाई म्हणाले आणि त्याला कचऱ्यात टाकला त्यांनी."

"आत्ती, मीपण गप्प होते."

"तुला गप्प कुणी केलं?" मग एकदम, "माझी दोन? ती पण असतील?"

निशिगंधाने मान डोलावली. "असतील."

आत्तींनी मेथीचे हात पदराला पुसले आणि उगाचच आपल्या दंडावरून, मनगटावरून हात फिरवला. झोपलेल्या पोराला चाचपून बघावं तसा.

जागराच्या दिवशी त्या केंद्रात आल्या त्या डबा घेऊनच. निशिगंधा पलंगावर होती. वर एक छोटी पिशवी लटकत होती, आत गढूळ पाण्यासारखं काहीतरी. नळी अजून जोडायची होती.

"थांबा जरा, डॉक्टरीणबाई," आत्ती म्हणाल्या. डबा उघडला. आत घुगऱ्या होत्या, उकडलेले गहू आणि हरभरे, वर ओलं खोबरं. बारशाला वाटतात तशा.

"आई, हे काय?" संग्राम म्हणाला.

"बिननावाचं पाठवायचं न्हाई. मी पाठवू द्यायची न्हाई. आधी मोजला न्हाई, आता मोजू दे."

डॉ. मुजावरांनी नळी बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. "नाव काय ठेवताय?"

"दौलत. ह्याच्या आज्याचं."

"दौलत?" संग्रामला राहवलं नाही. "आई, शाळेत पोरांनी चिडवून मारला असता त्याला."

"शाळेत जायचंय कुठं त्याला," आत्ती म्हणाल्या.

मग निशिगंधाच म्हणाली, "चांगलं आहे. दौलत चांगलं आहे."

नाव कानात सांगायचं असतं. आत्ती पुढे झाल्या आणि अडल्या. पाळणा नव्हता, कान नव्हता. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्या वाकल्या, निशिगंधाच्या कानावरचे केस बाजूला केले, आणि तोंड अगदी जवळ नेऊन म्हणाल्या, "कुर्रर्र... दौलत."

निशिगंधाच्या सगळ्या अंगावर काटा आला. शेंगदाण्याचं तेल आणि मिश्री असा आत्तींचा वास तिच्या गालाशी होता, आणि त्या वासात ती एकदम कुणाचीतरी लहान मुलगी झाली आणि कुणाचीतरी आई झाली.

सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. डॉक्टरांनी दोनदा घेतल्या. मग नळी जोडली.

ताप त्याच रात्री भरला. असा भरला की तीन पांघरुणांखाली तिचे दात वाजत होते, आणि आत्ती कपाळावर हात ठेवून म्हणत होत्या, "आला गं बाई, आला." दोन दिवस ती भाजत होती. त्या गुंगीत तिला काही दिसलं नाही, कुणी भेटलं नाही. नुसतं आत कुणीतरी धावत असल्यासारखं वाटत होतं, अनवाणी, ह्या खोलीतून त्या खोलीत, दिवे लावत. तिसऱ्या सकाळी घाम फुटला आणि सगळं गार झालं. इतकं गार आणि इतकं शांत, की ताप गेल्याचा आनंद व्हायच्या आधी तिला पोरकं वाटलं. आईला कधी पोरकं वाटतं का, ते तिला ठाऊक नव्हतं. दुसरा शब्द सापडला नाही.

*

द्राक्षांची छाटणी झाली, माल गेला, शेडवर बेदाणा वाळायला पडला. बेसिनखालचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. डॉ. मुजावरांनी शेवटची तपासणी करून सांगितलं, गाठ नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि आता तुमच्यात फक्त रुंजीच आहे."

त्या रविवारी निशिगंधा ओसरीत रुंजीची वेणी घालत होती. ऊन पायांशी आलं होतं. सांगायला हवं होतं. घरात आता तो मोजला जात होता. आत्ती बोलता बोलता "माझी नातवंडं दोन" म्हणून जायच्या, आणि पोरीने दोनदा "दुसरं कोण?" असं विचारून झालं होतं. म्हणून निशिगंधाने सांगितलं. पडद्याखालून रांगत आलेली बाळं, पाट्या, गाठ. सोपं करून, जसं तिला सांगितलं होतं तसंच.

"दादा भांडला तिच्याशी?"

"हो."

"जिंकला?"

"जिंकला म्हणून तर मी तुझी वेणी घालतेय. हलू नको."

"मग बाहेर का नाही आला?"

"तो लढून लढून संपला गं. पेन्सिल लिहून लिहून संपते ना, तसा."

रुंजीने ह्यावर विचार केला. तिच्या पेन्सिली ती अगदी नखाएवढ्या होईपर्यंत वापरायची, त्यामुळे ते तिला पटलं असावं.

"आणि मी पण तुझ्या आत आहे? अजून?"

"आहेस की. कायमची."

"तिथे आधी आम्ही दोघं होतो?"

"हो. तू येण्याआधीपासून तो तिथेच होता. तू आलीस तेव्हा तुला सोबतच झाली त्याची."

रुंजीने हाताच्या बोटांनी आईचा गुडघा चाचपला, पोटरी चाचपली, आत कुठेतरी दार असावं तशी. मग अर्धी वेणी आईच्या हातात तशीच ठेवून ती मागे वळली.

"आई, मग तिथल्या मला आता करमत असेल का गं?"